पट्टीवाले मामा

परळी-बीड रस्त्यावर सिरसाळ्यात कुणी गाडीचं बॉनेट उचललं की मामा हजर. ते मिस्त्री नाहीत, ड्रायव्हर नाहीत, चारचाकीचे मालक तर नाहीतच. पण उसाचं ट्रॅक्टर असो की पुढाऱ्याची फॉर्च्युनर, त्यांचा प्रश्न ठरलेला: "पट्टी बगितली का?"

पट्टी म्हणजे डिपस्टिक. ती बघायचंही शास्त्र आहे. गाडी सपाटीला हवी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. मग पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. न पुसताच एकदा बघून "ओके" म्हणणाऱ्याच्या घरात मामा पोरगी देणार नाहीत. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या गाडीवरच्या झेंडूच्या माळा बाजूला सारून बॉनेट उघडलं. मुहूर्त टळला, पण ऑइल दोन खुणांच्या मधोमध निघालं.

मामांचे खरे वैरी म्हणजे स्कॉर्पिओवाली पोरं. गाडीला अलॉय, छातीत धडकी भरवणारा साऊंड, वर रीमॅप करून वाढवलेली ताकद. आणि ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. "धारूरच्या घाटात वळण दाबून घेतलंस," मामा सांगतात, "की ऑइल पळतंय एका अंगाला. पंपाची जाळी उघडी पडली की पंप हवा ओढतोय. प्रेशर गेलं, बेअरिंग लागलं, इंजिन सीज. मंग बस साऊंड ऐकत!"

हे ऐकून एकानं घाबरून अख्खा कॅन ओतला. मामांनी कपाळाला हात लावला. "अरे, लई झालं तरी वाटोळंच! क्रँक ऑइलात बुडली की ताक घुसळल्यागत फेस करती. फेसाला कुठलं आलंय प्रेशर?"

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्याबद्दल मामा फार हळवे आहेत. चावी फिरवली की तो लागावा आणि इंजिन चालू होताच विझावा. चालत्या गाडीत लागला तर समजायचं, प्रेशर गेलं. तेव्हा "तेलगावला जाऊन बघू" म्हणायचं नाही. गाडी कडेला घेऊन तिथंच इंजिन बंद करायचं. मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून उतरला. मामांच्या मते ज्याला घाबरावं असा लाल दिवा आता हा एकच उरलाय.

एकदा एका पोरानं मोबाइल पुढं केला. "मामा, फॉर्म्युला वनच्या गाडीत चेंबर कोरडंच असतंय. बगा!"

मामांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "कोरडं म्हंजे बिनऑइलाचं नव्हं, बाबा. ऑइल वेगळ्या टाकीत ठेवतेत. काही पंप चेंबर उपसून टाकी भरतेत, एक पंप टाकीतून इंजिनाला देतोय. म्हणून कितीबी जोरात वळली तरी प्रेशर पडत नाही. तसली गाडी आण, मी टाकी बगीन. तवर पट्टी काढ."

पोरानं शेवटचा डाव टाकला. "तुमच्या लुनाची पट्टी दाखवा की!"

मामांची लुना टू-स्ट्रोक. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ना पट्टी, ना ऑइलचा पंप, ना प्रेशर.

मामा शांतपणे म्हणाले, "तिला पट्टी नाही म्हणून तर तुमच्या बगायला टाइम भेटतोय."