गांडुळांची रुजवात

आमच्या बालपणी ‘शाश्वत’ हे विशेषण फक्त आत्म्याला लागत असे. बाकी सगळे, म्हणजे देह, धन, यौवन आणि नगरपालिकेने पावसाळ्यापूर्वी केलेला रस्ता, ‘नश्वर’ या एकाच सदरात जमा होत असे आणि कीर्तनकारबुवांपासून ओव्हरसियरपर्यंत कोणाचीही या वर्गवारीस हरकत नव्हती. अलीकडे आत्म्याची चौकशी कोणी करीत नाही. विकास, शहर, वाहतूक, फार काय, पार्किंगसुद्धा शाश्वत झाले आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आणले तेव्हा त्या कामाला हे विशेषण लावण्याचे कोणास सुचले नसावे. बहुधा त्यामुळेच ते इतके टिकले.

हे सगळे आठवण्याचे निमित्त असे की, आमच्या सहकारी गृहरचना संस्थेने शाश्वत होण्याचा ठराव केला. सूचक चिटणीस, अनुमोदक खजिनदार, आणि चहा येईपर्यंत ठराव सर्वानुमते संमत. पुण्यात मिळकतदाराने गांडूळखत, सौरऊर्जा व पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालविला तर मिळकतकरात पाच टक्के आणि दोन वा अधिक चालविले तर दहा टक्के सवलत मिळते, ही गोष्ट त्या सभेत कोणी उच्चारली नाही. देवळात जाणाऱ्याने पुण्याचा दर विचारू नये, हा संकेत आम्ही पाळतो. सौरबंब गच्चीवर होताच. तो मे महिन्यात, जेव्हा कढत पाण्याची कोणालाच गरज नसते तेव्हा, अत्यंत निष्ठेने काम करतो. उरला प्रश्न गांडुळांचा, आणि तो आमच्या गल्लीने ज्या रीतीने सोडविला होता ती रीत पाहून मी थक्कच झालो.

गल्लीत नऊ संस्था आहेत आणि नऊही संस्थांच्या मागल्या अंगणात विटांचे खड्डे आहेत. गांडुळांचा संच मात्र एकच. सुमारे दोन किलोंचा हा संच झाकणांना भोके पाडलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतून, तपासणीची चाहूल लागेल त्याप्रमाणे, एका फाटकातून दुसऱ्या फाटकात जात असतो. पूर्वी वाड्यात कार्य निघाले की पातेली, जाजमे आणि पाट जसे घरोघर फिरत, तसाच हा प्रकार. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी त्याची नोंदवही ठेवली आहे; ‘नेली’, ‘आणली’ आणि ‘सही’ अशा तीन रकान्यांत सगळा व्यवहार चोख मांडलेला असतो. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेकाठी सहकाराचे बीज रोवले, त्याला इतके निर्मळ फळ येईल असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल.

आमच्या समितीत एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तेवढा या फिरत्या गांडुळांना विरोध नोंदविला. बाईंना मी एकांतात सावध केले; कारण विरोध करणाऱ्याचे या शहरात पुढे काय होते हे मला ठाऊक आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा बेत निघाला तेव्हा त्याविरुद्ध एकट्या जोतीरावांचे मत पडले. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मंडईच्या टोलेजंग इमारतीलाही त्यांनी याच कारणासाठी हरकत घेतली. १८८६ साली ती इमारत रे मार्केट या नावाने उभी राहिलीच, आणि पुढे नाव बदलण्याची वेळ आली तेव्हा शहराने तिला हरकत घेणाऱ्याचेच नाव दिले. बाईंनी माझे ऐकले नाही. गांडुळांच्या रिकाम्या खड्ड्याला त्यांचे नाव देण्याचा ठराव पुढच्याच सभेत संमत झाला.

आता कोणी म्हणेल की ही घरगुती लबाडी झाली, राज्यकारभाराचे काय? तर तिकडे कायद्यांची वानवा कधीच नव्हती. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नगरांसाठी नेमून दिले. त्यांत पाणी, घनकचरा, नागरी वनीकरण, पर्यावरणरक्षण हे सगळे आले, स्मशानेही आली. २००९ साली महाराष्ट्राने महानगरपालिका अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदारांनी आपल्याच परिसरात जमून आपल्या गटाराचा निर्णय आपण करावा. ती क्षेत्रसभा अधिनियमात सुखरूप आहे, आमच्या गल्लीत ती भरल्याचे मात्र मला स्मरत नाही. दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल महासभेपुढे ठेवावा, असाही दंडक आहे. ही तारीख ज्याने नेमली त्याला विनोदाची उत्तम जाण असली पाहिजे, कारण त्या सुमारास पर्यावरण गुडघाभर पाण्याचे रूप घेऊन, अहवालाची वाट न पाहता, जातीने हजर झालेले असते. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ महासभाही प्रशासक आणि स्थायी समितीही प्रशासक, अशी व्यवस्था आली. तिचा एक गुण मान्य केलाच पाहिजे: गणसंख्येअभावी सभा तहकूब होण्याचा संभवच उरला नाही.

कचऱ्याच्या बाबतीत तर शहराने भूगोलाचाही उपयोग करून पाहिला. सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे साठत गेला. विहिरींचे पाणी नासले, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आश्वासने मिळाली, गाड्या पुन्हा सुरू झाल्या. २०१७ साली ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा निदान ज्याचा कचरा त्याच्याच घरात, एवढा न्याय झाला; २०२४ साली ती हद्दीबाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. डोंगर जागचा हलला नाही, रेघ तेवढी दोनदा हलली.

या सगळ्या कागदांच्या राशीत एक करार असा आहे की जो खरोखर रोज सकाळी जिना चढून येतो. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने पुण्यातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. आमच्याकडे येणाऱ्या मावशी या संस्थेच्या सभासद, म्हणजे सहकाराच्या बाबतीत आमच्या बरोबरीच्याच. फरक इतकाच की त्यांच्या सहकारात काम करावे लागते. मी त्यांना पार्किंगमध्ये बसून निवडताना पाहतो. दुधाची पिशवी त्या विसळतात आणि झटकून दुसऱ्या पिशव्यांवर ठेवतात. पुठ्ठा पायाने दाबून चपटा करतात. काच गोणीच्या बाजूला, हाताला लागणार नाही अशी. एखाद्या पिशवीत आमटीत भिजलेले वर्तमानपत्र निघाले की त्या क्षणभर वर, गॅलऱ्यांकडे, पाहतात. कोणत्या घरातून काय येते हे त्यांना तोंडपाठ आहे. शहराच्या सद्यःस्थितीचा अहवाल त्यांच्याइतका नेमका कोणीच देऊ शकणार नाही. पण त्यांनी तो ३१ जुलैपूर्वी लेखी सादर केलेला नसल्याने दाखल करून घेता येत नाही.

त्यांना दरमहा घरटी शंभराच्या आतबाहेरची जी रक्कम द्यायची, तीत दहा रुपयांची वाढ द्यावी की न द्यावी, यावर आमच्या समितीने चाळीस मिनिटे चर्चा केली आणि विषय पुढील सभेवर ठेवला. त्याच सभेत मिळकतकराच्या दहा टक्के सवलतीचा विषय दोन मिनिटांत आटोपला.

एप्रिलमध्ये तपासणीची वर्दी लागली आणि नोंदवहीत सही करून चिटणीसांनी डबे आणले. गांडुळे खड्ड्यात सोडली. तपासणी मात्र लांबली. एक महिना गेला, दोन गेले. एके सकाळी मावशी चिटणीसांना म्हणाल्या, “काका, खड्डा रिकामाच पडलाय तर ओला कचरा त्यातच टाकते. गाडीवरचं ओझं तरी कमी होईल. फक्त लिंबाची सालं नि कांदा टाकू नका म्हणावं वरच्यांना, गांडुळांना झोंबतो.” चिटणीसांनी मान डोलावली, ज्या गोष्टीला ठराव लागत नाही ती गोष्ट आपल्या संस्थेत घडत आहे, हे त्यांच्या ध्यानीच आले नाही. मावशींनी मात्र रोज थोडा पाला, थोडे शेण, वर पोत्याचे ओले तरट, अशी त्या जिवांची बडदास्त ठेवली.

जूनच्या अखेरीस तपासनीस आले. गृहस्थ हुशार होते. फाटकाशी सुवासिनीसारखे नटवून ठेवलेले तुळशीवृंदावन त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी थेट खुरपे मागितले. चिटणीसांच्या कपाळावर घाम आला. तरट बाजूला झाले, खुरपे आत गेले, आणि चहाच्या भुकटीसारखे काळेभोर, भुसभुशीत खत वर आले. त्यात पोरासोरांसह शेकडो गांडुळे उजेडाला भिऊन वळवळत होती. तपासनिसांनी मूठभर खत हुंगले आणि ‘प्रकल्प कार्यान्वित’ असा शेरा मारला. खोटे पकडले गेलेल्या माणसाचा चेहरा मी आयुष्यात पुष्कळदा पाहिला आहे. खरे पकडले गेलेल्या माणसाचा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पंधरा दिवसांनी शेजारच्या संस्थेचे लोक रिकामे डबे घेऊन आले, कारण पुढची पाळी त्यांची होती. तासभर खणूनही त्यांना आपली दोन किलो गांडुळे वेगळी काढता येईनात. आता आठ संस्थांच्या सह्यांची नोटीस आली आहे: मजकूर गांडुळे सामाईक मालकीची असून ती आठ दिवसांच्या आत मूळ संख्येने परत करावीत, अन्यथा निबंधकांकडे दाद मागण्यात येईल. आमच्या चिटणीसांनी काल रात्री बसून उत्तराचा मसुदा केला. नोटीस पावली, असे त्यात प्रारंभी नम्रपणे कळवून त्यांनी पुढे लिहिले आहे की, सदरहू गांडुळांची संख्या वाढली असून मूळची कोणती व नंतरची कोणती हे सांगणे संस्थेस शक्य नाही. सबब, अर्जदारांनी कोणत्याही दिवशी सकाळी सात ते आठ या वेळात, मावशी खड्ड्यापाशी हजर असताना यावे आणि आपापली गांडुळे ओळखून न्यावीत.