घाट चढणाऱ्याला कसला आजार?

कुंपणापलीकडे आत्या वाळत घातलेला बाळहिरडा पालथा करत होत्या. हात हिरड्यात, कान आमच्या ओट्याकडे. शेवटी राहवलं नाहीच.

"काय गं, तुझा पुतण्या मंचरला दवाखान्यात गेलेला म्हणं? गावात काहीबाही बोलत्यात. अवेळी देवराईकडून पळतो, म्हणून लागीर झालं."

"लागीर कसलं, आत्या! छातीत धडधडतं त्याला. पळताना नाही, रात्री डाव्या कुशीवर पडला की. मधेच ठोका चुकतो, मग एकदम आदळतो. आणि सांगितलं कुणाला? बरोबर पळणाऱ्या पोरांना. एक म्हणाला केळी खा, दुसरा म्हणाला मीठ-साखरेचं पाणी पी. मी घरातली आशा सेविका, पण मला सगळ्यांत शेवटी कळलं!"

"पण खोपिवलीहून घाट पळत चढतो ना तो? आपण बसत बसत येतो. त्याला कसला हृदयाचा आजार?"

हीच तर अडचण. दमेकरी म्हातारं आपणहून दवाखाना गाठतं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करणारा गडी कशाला जाईल? मी त्याची नाडी धरली, तर मिनिटाला 44. माझेच पाय लटपटले. मंचरचे डॉक्टर मात्र हसले. लांब पल्ल्याचं पळणाऱ्याचं हृदय थोडं मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून सावकाश चालतं. अधूनमधून चुकलेला ठोकाही बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

"मग झालं की!"

"ऐका तर. पुढं त्यांनी विचारलं, पळता पळता कधी अंधारी आली का? हा खाली बघायला लागला. फाल्गुनात घाटात मधेच कोसळला होता, आत्या. घरी सांगितलं, पाय घसरला."

आत्यांचा हात थांबला.

"तापातही पळाला होता. ताप अंगावर काढून पळालं तर हृदयाच्या स्नायूला सूज असली तरी कळत नाही, आणि भलतंच होऊन बसतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, तेही विचारलं."

"मागं पोलीस भरतीत जीवानिशी गेली होती ना गं पोरं, मुंबईला?"

"2014 च्या जूनमध्ये. 5 किलोमीटर धावायचं होतं. उन्हाचा तडाखा होताच म्हणा. आता 1600 मीटरवर आणलंय."

डॉक्टरांनी आणखी एक ऐकवलं. स्वीडनमध्ये बर्फावरून 90 किलोमीटर जायची वासालोपेट नावाची शर्यत असते. तिथल्या बावन्न हजारांवर लोकांचा अभ्यास 2013 साली छापून आला. जे जास्त वेळा आणि जास्त वेगानं ती पार करत, त्यांच्यातच ठोक्यांची गडबड जास्त. म्हणून काय पळू नये असं नाही. पण पळणाऱ्याला काही होत नाही, हे डोक्यातून काढा म्हणाले.

"ईसीजी काढला का न्हाई?"

"काढला. एकदम स्वच्छ! धडधड रात्रीची, आणि एसटीनं आहुप्याहून मंचरला पोचेपर्यंत ती थांबलेली. कागदावर उमटणार काय? म्हणून पुण्याला जायला सांगितलंय. तिथं होल्टर लावतील. छातीला तारा चिकटवायच्या, डबी कमरेला, चोवीस तास ठोके टिपत राहायचे. शिवाय इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रिपोर्ट येईपर्यंत पळणं बंद. म्हणून तर तोंड फुगवून बसलाय. म्हणतो, माझं घड्याळ दाखवतं की ठोके! अरे, पळताना ते घड्याळ कधीकधी पावलांचाच ताल मोजतं."

"सोबत कोण?"

"भाऊजी."

"तुझा दीर? तो डॉक्टरापुढं तोंड उघडंल का? लिहून दे त्याला."

लिहिलंय की. धडधड कधी, किती वेळ, घाटात पडला तो प्रसंग, ताप, सगळं. मी कागद आणून वाचून दाखवला. आत्यांनी मान हलवली.

"चहाचं लिहिलंस का? सकाळपासनं सहा कप होत्यात त्याचे. आणि ते लाल बाटलीतलं?"

"कुठलं लाल बाटलीतलं?"

"अगं, टपरीवर पोरं पित्यात ना, पळायच्या आधी, ताकद येती म्हणून! परवा दोन रिचवल्या त्यानं. माझ्यासमोर."

मी पेन आणायला आत पळाले. आत्या मागून ओरडतच होत्या, "झोपतो बी कुठं? एक वाजेस्तोवर मोबाइल चालू असतो त्याचा, तेबी लिही!"