भगिनी शहराचा अभ्यासदौरा

मुंबई आणि योकोहामा ही १९६५ पासून भगिनी शहरं आहेत. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर संकोच करू नका. मुंबईलाही ते रोज आठवत नाही. पण नातं आहे म्हटल्यावर जाणं-येणं आलंच. 'युवा राष्ट्रीय फुटबॉल संघ कसा घडवावा' या विषयावर आपली एखादी समिती अजून तिकडे गेलेली नाही, पण म्हणून जाणारच नाही असं थोडंच आहे? अभ्यासदौऱ्याला आधी विमानतळ लागतो, विषय मागाहून मिळतो. तेव्हा समितीचा बहुमोल वेळ वाचावा म्हणून तिचा अहवाल मी आधीच लिहून ठेवला आहे. सन्माननीय सदस्यांनी फक्त सह्या कराव्यात आणि भत्त्याची बिलं जोडावीत.

एक : पार्श्वभूमी. १९५१ साली दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्ण जिंकले होते. जपानला कांस्यावर समाधान मानावे लागले. सबब, आपण जपानकडे शिकायला जावे की जपानने आपल्याकडे यावे, यावर विमानातच मतभेद झाले. १९९८ पासून जपान एकाही विश्वचषकाला गैरहजर राहिलेला नाही, ही बाब एका सदस्याने निदर्शनास आणली. सदर सदस्यास पुढील दौऱ्यातून वगळावे.

दोन : मैदान. समितीने योकोहामाचे आंतरराष्ट्रीय स्टेडियम पाहिले. २००२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला आणि रोनाल्डोच्या दोन गोलांनी ब्राझीलने जर्मनीला हरवले. हे स्टेडियम त्सुरुमी नदीच्या पूरक्षेत्रात, खांबांवर उभे आहे. नदी फुगली की पाणी स्टेडियमखाली आणि आसपास साठवायचे आणि शहर वाचवायचे, अशी योजना आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस वादळाने हा सारा परिसर जलमय केला; दुसऱ्याच दिवशी वर जपान-स्कॉटलंड हा रग्बी विश्वचषकाचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. समितीच्या मते ही निव्वळ उधळपट्टी आहे. पाणी साठवायला मुंबईने वेगळे स्टेडियम कधी बांधले नाही, पावसात तुंबणारा हिंदमाता चौक पुरतो.

तीन : निवड. तिकडे 'ट्रेसेन' नावाची चाळणी आहे. जिल्हा, प्रांत, विभाग आणि देश अशा पायऱ्यांनी मुले पारखली जातात. क्लबच्या अकादमीतला मुलगा असो की शाळेच्या संघातला, चाळणी एकच. निवडचाचणीच्या आदल्या रात्री साधारण कोणाकोणाचे फोन येतात, असे समितीने विचारले. दुभाष्याला हा प्रश्न तीनदा समजावून सांगावा लागला. भाषेची अडचण फार जाणवली.

चार : एक धक्कादायक प्रकरण. शुनसुके नाकामुरा हा योकोहामाचाच मुलगा. तो इथल्या निस्सान क्लबच्या, म्हणजे आजच्या मारिनोसच्या, कनिष्ठ संघात होता. पुढच्या वयोगटात क्लबने त्याला घेतले नाही. मुलाने शेजारच्या कावासाकीतल्या तोको गाकुएन या शाळेत नाव घातले, तिथल्या संघातून खेळला आणि १९९७ साली त्याच क्लबने त्याला व्यावसायिक करार दिला. २००० आणि २०१३ अशा दोन वर्षी तो जे-लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मधल्या काळात सेल्टिककडून खेळताना २००६ मध्ये त्याने फ्री किकवर मँचेस्टर युनायटेडला हरवले. समितीचा आक्षेप असा की, नाकारलेला मुलगा परत घेतल्याने निवड समितीची अप्रतिष्ठा होते. आपल्याकडे नाकारलेल्या मुलाचे पुढे काहीच होत नाही. त्यामुळे निवड समिती चुकली, असे आजवर कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

पाच : वय. काझुयोशी मिउरा हा गृहस्थ पंधराव्या वर्षी फुटबॉल शिकायला ब्राझीलला गेला आणि २०१७ साली, पन्नाशीत, योकोहामा एफसीकडून गोल करता झाला. कागदोपत्रीही तो पन्नासचाच होता. आपले तंत्र याहून प्रगत आहे. आपला सोळा वर्षांखालचा खेळाडू तीन मोसम सोळाचाच राहतो, आणि वय तपासायला मनगटाचा एक्स-रे निघेपर्यंत त्याला मिसरूडही फुटत नाही.

सहा : नियोजन. २०५० पर्यंत विश्वचषक जिंकायचा, असे जपानी फुटबॉल संघटनेने २००५ मध्येच जाहीर केले. पंचेचाळीस वर्षांचा वायदा! तोवर नारळ कोण फोडणार, कोनशिलेवर नाव कोणाचे, याचा उल्लेख कुठेही आढळला नाही. याउलट महाराष्ट्राने १५ सप्टेंबर २०१७ या एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम हाती घेतला होता. १६ सप्टेंबरला किती मुले खेळली, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा आहे.

शिफारस : अधिक अभ्यासासाठी ब्राझीलला जावे.

अहवाल संपला. आता थोडं माझं.

त्या सप्टेंबरनंतर महिन्याभरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही सामने झाले. यजमान म्हणून आपला संघ थेट मैदानात होता. त्यात कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला अनिकेत जाधव होता. जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध गोल केला. विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. तिन्ही सामने आपण हरलो, पण पोरं जिवाच्या आकांताने खेळली. जपानची पोरंही त्या स्पर्धेत फार पुढे गेली नाहीत. कोलकात्यात इंग्लंडकडून पेनल्टींवर हरून ती परतली. त्यांच्यात ताकेफुसा कुबो नावाचा एक सोळा वर्षांचा मुलगा होता. पुढच्याच वर्षी तो काही काळ योकोहामाच्या मारिनोसकडून खेळला.

पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, कतारच्या विश्वचषकात जपानने जर्मनीला हरवलं तेव्हा कुबो सुरुवातीच्या अकरांत होता. त्याच वर्षी आपल्या महासंघाने 'इंडियन अ‍ॅरोज' हा होतकरू पोरांना वरच्या लीगमध्ये खेळवणारा संघ गुंडाळून टाकला.

आपल्याकडे वेड कमी आहे, असं म्हणायची सोय नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या की पेठाच्या पेठा ओस पडतात. पोरगं चालायला लागलं की चेंडूला लाथ मारतं. निवड झालेल्या पोराचा सत्कार आपण करतो, हलगी वाजवतो, चौकात फलक लावतो. त्याच चाचणीतून परत आलेली बाकीची पोरं मात्र एसटीने मुकाट्याने घरी येतात आणि पुढच्या वर्षी कुठेतरी कामाला लागलेली दिसतात. नाकामुरा परत आला तेव्हा त्याच्यासाठी एक शाळा होती, तिचा संघ होता, हिवाळ्यात देशभरातल्या शाळांची स्पर्धा होती. राष्ट्रीय युवा संघ घडतो तो नाकारलेल्या पोरांना असं दुसरं दार असतं म्हणून.

तेव्हा तुमच्या गावात पुढची निवडचाचणी होईल, तेव्हा निवडलेल्या पोरांची नावं जरूर टाळ्या वाजवून ऐका. मग व्यासपीठावरच्या पाहुण्यांना एवढंच विचारा : "साहेब, उरलेली पोरं सोमवारी कुठं खेळणार?"