समस्त, तमाम आणि सकल

येत्या गुरुवारी, १५ जानेवारीला, परभणी महापालिकेचं मतदान. आदल्या दिवशी संक्रांत, म्हणजे मतदान नेमकं किंक्रांतीला. करीच्या दिवशी शुभ काम काढू नये असं जुनी माणसं सांगतात. राज्य निवडणूक आयोगाने तर २९ महापालिकांचं काम त्याच दिवशी काढलं आहे. यावर जास्त बोलायला नको.

नळाला येलदरीचं पाणी कधी येईल हे आमच्या गल्लीत कुणी छातीठोक सांगत नाही. पाठिंबा मात्र चोवीस तास चालू आहे, आणि तोही दाबाने. सकाळी मोबाईल उघडावा तर कुठल्या ना कुठल्या समाजाने कुठल्या ना कुठल्या भाऊंना 'जाहीर, बिनशर्त व एकमुखी' पाठिंबा दिलेला असतो. डीटीपीवाल्या पोराने साचा एकदाच करून ठेवला आहे. समाजाचं नाव, भाऊंचा फोटो, चिन्ह आणि प्रभाग क्रमांक बदलला की पुढचं गिऱ्हाईक. परवा घाईत चिन्ह बदलायचं राहून गेलं. तीन तास एक समाज दोन पक्षांच्या पाठीशी खंबीरपणे उभा होता. कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पाठिंब्याची बैठक कशी होते? आदल्या रात्री नऊला अध्यक्षांना फोन येतो. अध्यक्ष सचिवाला उठवतात, कारण लेटरहेड अध्यक्षांकडे असलं तरी शिक्का सचिवाकडे असतो. मंगल कार्यालयात सकाळी सतरंजी पडते, पंधरा-वीस माणसं जमतात. त्यातली अर्धी भाऊंचीच, उरलेल्यांत दोघं दुसऱ्या प्रभागातली. ठराव सर्वानुमते पास. मग शाल, श्रीफळ, फोटो, भजे. एवढ्या वेळात ज्याच्या नावाने ठराव झाला तो समाज आपापल्या दुकानात, शेतात, नाहीतर रेल्वे स्टेशनवर बसलेला असतो. आपण काय ठरवलं हे त्याला दुपारी व्हॉट्सॲपवर कळतं. बायकांची बैठक वेगळी घ्यावी लागत नाही. यंदा तारीखच अशी आली, की हळदीकुंकवात पाठिंबाही उरकतो. वाण काय मिळालं हे आचारसंहितेच्या काळात विचारू नये.

आता थोडा हिशेब. आमच्या प्रभागात जेवढे उमेदवार आहेत तेवढ्या सगळ्यांच्या मागे 'सकल समाज' आहे. अपक्षाच्या मागेही आहे. तो तर एकाच घरातला सकल समाज आहे. या सगळ्या पाठिंब्यांची बेरीज केली तर परभणीची लोकसंख्या मुंबईच्या पुढे जाईल. मागच्या खेपेला, १९ एप्रिल २०१७ ला, मतदान झालं तेव्हाही पाठिंबे असेच भरभरून होते. निकालात ६५ जागांपैकी काँग्रेसला ३१, राष्ट्रवादीला १८, भाजपला ८, शिवसेनेला ६ आणि अपक्षांना २. बहुमताला ३३ लागतात. एकमुखी समाजाने कुणालाच बहुमत दिलं नव्हतं. लेटरहेडवर एकमुखी आणि पेटीत पंचमुखी, ही आपली जुनी रीत आहे.

समाज झाले की ज्येष्ठांची पाळी. एके काळी स्टेजवर हैदराबाद मुक्तिसंग्रामातला स्वातंत्र्यसैनिक असला की सभेला वजन यायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला जे विशीत होते ते आज शंभरीच्या आसपास. मग उरले माजी. माजी नगरसेवकांचा इथे तोटा नाही. मे २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हापासून गावात आजी नगरसेवक एकही नाही. त्यांच्या पाठिंब्याची अडचण एकच, बहुतेक जण स्वतःच उभे आहेत. म्हणून सध्या मागणी आहे ती माजी सैनिकाला.

त्यातही मेख आहे. प्रचारात सैन्यातल्या माणसांचे फोटो वापरू नका, असं केंद्रीय निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना बजावलं आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा आठवण करून दिली. आमच्या भाऊंनी त्यातून मार्ग काढला. फोटो नको ना, मग त्यांनी वसमत रोडच्या कॉर्नर सभेला अख्खा निवृत्त सुभेदारच आणून बसवला. छातीवर पदकं, डोक्यावर भाऊंच्या पक्षाच्या रंगाचा फेटा.

"साहेब, तुम्ही काही बोलू नका. नुसतं हजर ऱ्हावा," भाऊ म्हणाले.

सुभेदारांनी माईक घेतलाच. "भाऊ, माजी सैनिकाला घरपट्टी माफ हाय, म्हाईत हाय का तुम्हाला?"

भाऊंना माहीत नव्हतं. 'बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना' २०२० पासून आहे. शहरातल्या माजी सैनिकाला किंवा सैनिकाच्या विधवेला एका घरापुरती घरपट्टी माफ, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. घरपट्टी हा ज्या सभागृहाचा रोजचा विषय, त्याच सभागृहात जायला भाऊ निघालेत. त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं, कार्यकर्त्याने बँडवाल्याकडे. देशभक्तीचं गाणं मोठ्याने लागलं.

"मग पाठिंबा कामून मागायलात?" हे गाण्याआधी ऐकू आलेलं सुभेदारांचं शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो 'वीर जवानांचा भाऊंना भक्कम पाठिंबा' या मथळ्याखाली फिरला. केंद्रीय आयोगाचं पत्र भाऊंना लागू नसावं.

माझं मत विचाराल तर सुभेदारांनी जे केलं ते कुठल्याही समाजाच्या अध्यक्षाला करता येईल. ठरावात एक ओळ वाढवायची: पाठिंबा या या कामासाठी, आणि पाणी किती दिवसांआड आणणार तो आकडा. बिनशर्त द्यायला ती काय कन्या आहे?

बाकी मतदारांनी एवढं ध्यानात ठेवावं. आपल्याकडे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. अ, ब, क आणि ड या चारही जागांसाठी एकेक बटण दाबायचं आहे. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण प्रत्येक जागेला स्वतंत्र आहे, आणि मतदान कक्षात अध्यक्ष, सचिव किंवा शिक्का यांपैकी कुणालाही आत सोडत नाहीत.