एल्बो

स्नॉर्केल लावलेली गाडी दिसली की मला पूर्वी तिच्या मालकाचा हेवा वाटायचा. बॉनेटच्या बगलेतून निघून काचेच्या खांबाला धरून टपापर्यंत गेलेली ती काळी नळी आणि तिच्या टोकाला वाऱ्याकडे तोंड करून बसलेलं डोकं. आतला माणूस मुंबईहून बोर्डीला दोन दिवस चिकू खायला आलेला असला, तरी नुकताच ब्रह्मपुत्रा ओलांडून आलाय असं वाटायचं. फोर्स गुरखाला तर ही नळी कारखान्यातूनच लागून येते आणि ती गाडी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते, असं कंपनी सांगते. माझी जीप जुनी, डिझेलची, टर्बो नसलेली. ती किती पाण्यातून जाते हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते मी शोधून काढायचं ठरवलं.

मी डहाणूत राहतो आणि तलासरीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा त्रास तिचाच आहे. डहाणूहून तलासरीला जायचं तर चारोटीला यावं, मुंबई-अहमदाबाद महामार्ग धरावा आणि गुमान उत्तरेला जावं. पण जीपवाल्याला डांबरी सरळ रस्त्याची लाज वाटते. मी आतल्या पाड्यांमधून जायचो. तिकडे ओढ्यांवर फरश्या आहेत. वर डोंगरात मोठी सर आली की पाणी फरशीवरून वाहतं आणि काही तासांत उतरतं. लोक कडेला बसतात, तंबाखू मळतात, पाणी उतरलं की उठून जातात. हे तास वाचवण्यासाठी मी जेवढा वेळ घालवला तेवढ्यात सार्वजनिक बांधकाम खात्याने एखादा उंच पूल बांधला असता. (बरं, हे जरा जास्तच झालं.)

शास्त्र मात्र माझ्या बाजूने होतं. अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर कागदावर २५०० लिटर हवा ओढतं. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा ते आठ लिटर पुरते. म्हणजे जीप चालते तेव्हा बॉनेटखाली तीनशे-चारशे माणसांचा श्वास चालू असतो. त्या हवेच्या जागी पाणी गेलं तर काय होतं? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. माझ्या इंजिनात पिस्टन पार वर आल्यावर एका सिलिंडरमध्ये जी जागा उरते ती साधारण ३७ मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाची पुरती चार झाकणंसुद्धा नाहीत. त्याहून जास्त पाणी आत शिरलं की पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात तो खर्च सहसा बसत नाही. शिवाय उन्हाळ्यात बॉनेटखालची हवा तापलेली असते. बाहेरची दहा अंशांनी गार हवा मिळाली, तर ती तीनेक टक्के दाट मिळते.

हे सगळं मी बायकोला आकृती काढून समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण अहो, तुम्ही पाण्यात जाताच कशाला?"

हा प्रश्न मला अवैज्ञानिक वाटला.

तयार स्नॉर्केलची किंमत ऐकली आणि मी तिथल्या तिथे स्वदेशी झालो. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप, चार एल्बो, सोल्युशनची डबी आणि होज क्लिपा आणल्या. मूळ नळी तीन इंची होती. मी पाइप दोन इंची घेतला, कारण तो स्वस्त होता आणि दिसायलाही नाजूक होता. गॅरेजमध्ये मिस्त्रीने मडगार्डवर ड्रिल टेकवून विचारलं, "सर, नक्की ना? भोक पडलं की पडलं." मी मान हलवली. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाला गाडीत परस्पर केलेले फेरफार खपत नाहीत, हे मला नंतर कळलं. मिस्त्रीला आधीपासून ठाऊक असावं, कारण पावती मागितल्यावर तो हसला.

स्नॉर्केलची परीक्षा अगदी सोपी असते. इंजिन चालू ठेवून नळीचं तोंड तळहाताने घट्ट दाबायचं. सांधे पक्के असतील तर क्षणा-दोन क्षणांत इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. मी बंपरवरून बॉनेटवर चढलो आणि तळहात दाबला. इंजिन मजेत चालू राहिलं. मी दुसरा हातही लावला. गल्लीतली मुलं जमली, शेजारचे काका गॅलरीत आले, मी गाडीचं तोंड दाबून उभा, आणि गाडी धडधडतेय. म्हणजे तिला हवा दुसरीकडून मिळत होती.

एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी पाणी गळून जायला एक भोक असतं आणि त्यावर रबराची चोच असते. माझ्या जीपची चोच कधीच झडली होती. म्हणजे टपावर नाक नेऊन मी गुडघ्याच्या उंचीवर तोंड उघडं ठेवलं होतं. डहाणू हे फुग्यांच्या कारखान्यांचं गाव, इथे घरात मीठ नसेल पण फुगा सापडतो. त्या भोकावर मी एक लाल फुगा ताणून बसवला. इंजिन सुरू झालं, आणि फुगा सप्पकन आत जाऊन फिल्टरला चिकटला. शेवटी मिस्त्रीने बूच मारलं, सांध्यांवर सिलिकॉन फासलं. पुन्हा तळहात ठेवला, इंजिन जागच्या जागी गप्प. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातला एकजण माझ्या वर्गातल्या मुलीचा भाऊ होता, हे दुसऱ्या दिवशी कॉलेजात समजलं.

यानंतर जीप महामार्गावर काढली तर ती चढ चढेना. आरशात पाहिलं, मागे काळा धूर. डिझेलच्या गाडीचा काळा धूर म्हणजे इंधन पोटभर आणि हवा उपाशी. प्रवाशांनी लगडलेली एक टमटम मला मागे टाकून गेली. मागच्या फळीवर बसलेल्या आजीबाईंनी पदर नाकाला लावून माझ्याकडे जे पाहिलं, ते प्रदूषण मंडळाच्या कुठल्याही नोटिशीपेक्षा कडक होतं.

त्या रात्री मी हिशेब मांडला. तीन इंचांचे दोन इंच केले की नळीचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होतं. काटकोनातला एक एल्बो हवेला जेवढा अडवतो तेवढं अडवायला त्याच पाइपाचा व्यासाच्या साधारण तीसपट लांब सरळ तुकडा लागतो. माझ्या पाइपाचा एक एल्बो म्हणजे पाच फूट, चार म्हणजे वीस, आणि मूळ पाइप वेगळाच. आपल्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट नळीतून माझी जीप श्वास घेत होती. नळीत हवेचा वेग ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर भरत होता. त्याच वेळी जीपचा पंचवीस.

वाचता वाचता पाणबुड्यांपर्यंत पोचलो. ही नळी डच आरमाराने १९३० च्या दशकाअखेर पाणबुड्यांना लावली, १९४० मध्ये हॉलंड पडल्यावर ती जर्मनांच्या हाती आली. लाट आली की नळीची झडप मिटायची आणि डिझेल इंजिन पाणबुडीतलीच हवा ओढू लागायचं. खलाशांचे कान ठणकायचे. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. फरक एवढाच, की त्यांच्यावर युद्धाची सक्ती होती.

आता अडथळा नेमका किती, हे मोजणं आलं. इंजिनाची ओढ इंच पाण्यात मोजतात. फिल्टर बदलायची वेळ झाली असं पुष्कळ डिझेल इंजिनांत २५ इंचांच्या आसपास समजतात. शेजारी बांधकाम चालू होतं. गवंड्याकडून मी लेव्हल काढायची पारदर्शक नळी मागून आणली, तिचा यू आकार करून पुठ्ठ्यावर बांधला, निम्मं पाणी भरलं आणि एक टोक फिल्टरच्या पुढे, थेट इंजिनाकडे जाणाऱ्या होजला जोडलं. माझ्या यूचा प्रत्येक हात फूटभर होता. फूट आणि २५ इंच हे दोन आकडे मी एकदा शेजारीशेजारी ठेवून बघायला हवे होते. बायकोला म्हटलं, "जरा ॲक्सिलरेटर दाब." पाणी सरसर वर चढलं, मी आनंदाने आकडा वाचायला वाकलो, तेवढ्यात नळी रिकामी. इंजिनाने ठसका दिला, पांढऱ्या वाफेचा भपकारा आला. मला चार झाकणं आठवली आणि मी खिडकीतून हात घालून स्टॉपचा खटका ओढला. पालघर जिल्ह्यातले सगळे ओढे चुकवून माझ्या इंजिनाने पाणी प्यायलं ते घराच्या अंगणात, भर मेमध्ये, माझ्या हातून. रॉड वाकला नाही, हे त्याचं मोठेपण.

पाऊस लागला. एका संध्याकाळी फरशीवर पाणी होतं, कडेला माणसं बसली होती, आणि मला नळी होती. मी उतरलो.

स्नॉर्केलने आपलं काम चोख केलं, हे नमूद करतो. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं. पण जीपच्या तळाला पेडलांची भोकं होती, गंजाची होती, आणि कुठल्याही नळीचा त्यांच्याशी संबंध नव्हता. मधोमध पुढचं चाक फरशीच्या काठावरून घसरलं. मी पोटऱ्यांपर्यंत पाण्यात बसलो होतो, डब्यातली चपाती तरंगत होती, आणि डोक्याच्या वर, टपापाशी, इंजिन कोरडी स्वच्छ हवा घेत होतं.

पाणी ओसरल्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला. त्याच्या बॉनेटवर हवेची वाटी होती, बहुतेक ट्रॅक्टरना असते तशी. ती हवेला गरगर फिरवून जाड धूळ बाहेरच्या बाहेर झाडते. तिला कुणी स्नॉर्केल म्हणत नाही, तिच्याजवळ उभं राहून फोटोही काढत नाही. दोराने जीप निघाली. पुढे मिस्त्रीने डिफरन्शियलचं बूच उघडलं, तर आतून दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं तेल आलं. तापलेलं डिफरन्शियल पाण्यात गार पडलं की ब्रीदरमधून पाणी ओढून घेतं. त्या ब्रीदरलाही उंच नळी लावायची असते. मी तिचं नाव काढलं नाही.

जीप आता पुन्हा मूळ नळीवर आहे, मडगार्डच्या भोकाला पत्र्याचा तुकडा आहे. काढलेला पाइप टपावर बांधून नेत असताना तोच म्हातारा वाटेत भेटला.

"गुरुजी, दोन इंची का?"

"दोन इंची. न्या वाडीला. हे चार एल्बो पण घ्या."

त्याने पाइप खांद्यावर टाकला. एल्बो हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत माझ्या हातात ठेवले.

"हे राहू दे. एल्बो लावला की पाण्याचा जोर मोडतो."