उलटा हात

तुरटीकाकांची नजर माणसाच्या तोंडावर नंतर जाते, आधी गळ्यावर. मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या गल्लीत समोरून कोणी आलं आणि जबड्याखाली लाल ठिपके दिसले, की 'कसं काय, बरंय का' राहतं बाजूला. थेट प्रश्न येतो, "उलटा हात मारला ना?"

चिकलठाणा एमआयडीसीत क्वालिटी खात्यात हयात गेलेला हा माणूस. रिटायर झाल्यावर तपासायला जॉब उरले नाहीत, मग गल्लीतली माणसं घेतली. लग्नात घोडा दारात उभा, बँडवाले फुंकून दमलेले आणि काका नवरदेवाची हनुवटी वर करून न्याहाळतायत. "उलटा हात मारला ना? आता अक्षता पडेपर्यंत चुरचुरणार." वऱ्हाडाला वाटलं, आशीर्वाद चाललाय. एका दहाव्याला तर ते थेट कारागिराच्या मागे जाऊन उभे राहिले. "ब्लेड नवं लाव, हात सुलट ठेव. गेलेला माणूस परत येत नाही बाबा, पण केस येतो, आणि आत वळून येतो."

पंचाईत अशी, की बोलतात ते खरं असतं. कातडी ताणून केसाच्या वळणाविरुद्ध, म्हणजे उलटा हात मारला की केसाचं टोक कातडीच्या खाली कापलं जातं. वाढताना ते बाहेर यायच्याऐवजी आतच घुसतं आणि पुटकुळी उठते. कुरळ्या केसांना हा ताप जास्त. डॉक्टरी नाव 'स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी'. काका त्यातलं 'बार्बी' तेवढं उच्चारतात आणि शेजारच्या पोरी फिदीफिदी हसतात. तीन-चार ब्लेडांच्या रेझरवर त्यांचा विशेष राग. पहिलं पातं केस ओढतं, मागचं कापतं, उरलेला खुंट आत जातो.

फर्स्ट शिफ्टला पळणारी पोरं कोरड्या गालावरच ब्लेड ओढतात आणि वरून हेल्मेटचा पट्टा घासतो. त्यांना बसथांब्यावर गाठून काका बजावतात: आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाणी, मग फेस. मानेवर बोट फिरवून केसाचं वळण बघ, ते गालासारखं नसतं. दाब देऊ नको. शेवटी गार पाणी. खिशात तुरटीचा खडा असतोच, पण तो कापलं तर रक्त थांबवायला. रोज तोंडभर चोळू देत नाहीत. कोरडी कातडी त्याने आणखी चुरचुरते.

"काका, कोमट नंतर बघू. आधी पाणी आणा," एक पोरगा म्हणाला.

हे मात्र काकांना लागलं. पैठणला नाथसागर भरलेला आणि इथे मग्यात बोअरचं पाणी. त्यातल्या क्षारांनी साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो. शहराच्या १,६८० कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हा काकांनी हौसेने नवा ब्रश घेतला होता. तो झडून दुसरा आला, तरी नळाची वाट आठवडा-आठवडा बघावी लागत होती. पुढे एका प्रचारात उमेदवार हात जोडून दारात आला. गुळगुळीत गाल, गळ्यावर पुरळ. काकांनी मान वाकडी करून पाहिलं. "उलटा हात मारला ना? सवयच आहे तुम्हा लोकांना."

असा माणूस चार दिवस गावाला गेला तर गल्ली सुटकेचा निःश्वास टाकते. फक्त एका घरात त्यांची वाट बघतात. तिथल्या त्यांच्या जुन्या दोस्ताला लकवा झालाय, उजवा हात उचलत नाही. दर रविवारी काका गरम पाण्यात टॉवेल पिळून त्याच्या गालावर धरतात, गप्पा मारत. मग सुलट, हळू, वाकडं झालेलं तोंड डाव्या हाताने सावरत दाढी करतात. तासभर लागतो. त्या घरच्या मुलाने पाच पात्यांचं महागडं रेझर आणून ठेवलंय. काकांनी ते पाकिटातून बाहेरही काढलं नाही. वहिनींना सांगून ठेवलंय, "हा स्वतः करायला लागला की द्या त्याच्या हातात. मग मी बघतो त्याच्याकडे."