जुनी स्कॉर्पिओ की नवी ईको? तुलनेची शास्त्रोक्त पद्धत

अंगणात पंधरा वर्षांची स्कॉर्पिओ उभी आहे आणि घरात नव्या ईकोचा विषय निघाला आहे. अशा वेळी घाईने निर्णय घेणे घराण्याला शोभत नाही. तुलना पुढील क्रमाने करावी.

1. पत्रा वाजवावा. स्कॉर्पिओच्या बॉनेटवर मूठ आपटून "ह्याला म्हणतात पत्रा!" असे म्हणावे. ईकोच्या दारावर टिचकी मारून नुसते हसावे. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने 2016 साली या दोन्ही गाड्या, एअरबॅग नसलेल्या, ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या आणि प्रौढांच्या सुरक्षेसाठी दोघींनाही शून्य तारे दिले, हे मूठ आपटणाऱ्याच्या कानावर पडू देऊ नये.

2. कूळ पाहावे. स्कॉर्पिओ 2002 साली बाजारात आलेली, नाशिकात घडलेली, म्हणजे आपल्यातली. ईको 2010 साली आलेली आणि बंद पडलेल्या व्हर्सा गाडीच्या घरातली. शिवाय स्कॉर्पिओतून उतरणाऱ्याला लोक "या साहेब" म्हणतात, ईको स्टँडजवळ थांबवली की "एक सीट बसेल का?" असे विचारतात. हा मुद्दा कोणी उघड बोलत नाही, पण मतदान त्यावरच होते.

3. हिशेब मांडावा. स्कॉर्पिओच्या खर्चात फक्त डिझेल धरावे. क्लच, टर्बो, टायर हे "कधीतरी एकदाच" या सदरात टाकावेत. पंधरा वर्षांनंतरचे फेरपासिंग, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तेच, याला खर्च न म्हणता गाडीचा मान म्हणावे. ईकोचा मात्र हप्ता, व्याज आणि विमा पैशापैशाने मोजावा. सीएनजी ईकोला किलोमागे 26.78 किलोमीटरचे ॲव्हरेज मिळते, असा कंपनीचा दावा आहे. तो कोणी काढलाच, तर "पंपावरची रांग कोण धरणार?" एवढे विचारून विषय संपवावा.

4. सामान भरून पाहावे. ईकोत सीएनजीची टाकी मागे बसते. बॅगा मांडीवर येतात. स्कॉर्पिओच्या मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर बसलेल्या पाहुण्यांचे गुडघे एकमेकांना भिडतात. त्याला आपुलकी समजावे.

5. चक्कर मारावी. ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. चक्कर मे महिन्यात दुपारी मारल्यास विरोधी पक्षाला वेगळे भाषण करावे लागत नाही. स्कॉर्पिओ घाटात वळणावळणाला झुलते; तेव्हा मागच्यांना आवळासुपारी द्यावी.

6. आजींचे मत विचारू नये. स्कॉर्पिओत चढताना त्यांना दोघांचा आधार लागतो. ईकोचे दार सरकते आणि पायरी खाली असते. अरुंद गल्लीत भिंतीला खेटून उभी केली तरी त्या आपल्या आपण उतरतात. त्यांनी तोंड उघडले तर सगळी तुलना तिथेच संपेल.

एवढे करूनही खरोखरच निवड करायची असेल, तर गाडीत बसून प्रत्येक सीटचा पट्टा ओढून पाहा. आडव्या बाकांना तो सापडतो का, ते बघा. चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांना 2019 च्या जुलैपासून सक्तीची झाली. तुमची स्कॉर्पिओ त्याच्या कितीतरी आधीची. शेतातला चिखल रोजचा असेल तर ती जरूर ठेवा, पण आडव्या बाकांवर मुले बसवू नका. शाळा, दवाखाना आणि बाजार एवढेच काम असेल, तर मुकाट्याने ईको घ्या.